तोंडाने सांग

६ फेब्रुवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, आज बोलणी खाणार. या महिन्यात माझी विक्री बेताचीच आहे. पण झालं उलटंच. म्हणाले, "तुझ्या मुलीचं ऑपरेशन करून टाकू. संच कंपनीचा. तू फक्त हो म्हण."

हो म्हणायला मला कितीसा वेळ लागणार? उमेदीची वर्षं कानाची यंत्रं विकण्यात गेली आणि माझीच मुलगी बहिरी. गिऱ्हाइकाने "तुम्हाला मुलंबाळं किती?" असं विचारलं की मी विषय बदलतो. टिल्लीला कानामागे लावायच्या साध्या यंत्राचा उपयोग नाही, तिला रोपणच हवं. एक भाग डोक्याच्या हाडात कायमचा बसवतात. दुसरा बाहेरून केसांत चुंबकाने चिकटतो. दोन्ही मिळून ऐकायचं काम करतात. साहेब म्हणाले, गोदामात एक संच खास तिच्यासाठी राखून ठेवलाय. एवढं कोण करतं आजकाल!

घरी सांगितलं तर आईच्या डोळ्यांत पाणी आलं. हिला सांगायला फ्रिजवरची पाटी काढली. ही जन्मापासून बहिरी, हिची आईही तशीच. मला त्यांचे हातवारे कधी जमले नाहीत, आमचा संसार पाटीवर चालतो. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, टिल्लीला ऐकू येणार! हिने वाचलं आणि खाली लिहिलं, तिला काय झालंय?

कपाळावर हात मारून घेतला.

मग तिने लिहिलं, दुखेल?

मी लिहिलं, नाही.

टिल्लीच्या प्रगतीचा अहवाल साहेबांना द्यायचाय, तो वेगळा लिहीन. त्यात न बसणारं इथे. ही डायरीही कंपनीचीच, प्रत्येक पानाच्या तळाला छापलंय, ‘ऐका, जग पुढे चाललंय.’

१० फेब्रुवारी

मेव्हणी आली होती. हिची धाकटी बहीण. ती ऐकते, बोलते, हातांनीही बोलते, आणि तिन्ही बाबतींत फटकळ. म्हणाली, "भाऊजी, ताई म्हणते टिल्लीचं काहीच अडत नाही. कालच तिने ताईला खिडकीतल्या मांजराची अख्खी गोष्ट सांगितली. मांजर कसं आलं, कावळ्याने कसं हुसकावलं, सगळं. थोडी मोठी होऊ द्या, मग तिलाच विचारा."

मी म्हटलं, "हातवारे माकडंही करतात. माकडाचा माणूस झाला तो तोंडाने बोलायला लागला म्हणून. मुलीला पुढे न्यायचं की परत झाडावर चढवायचं?"

"हे मी ताईला सांगणार नाही," मेव्हणी म्हणाली.

पण हिने माझ्या ओठांवरून उचललं असावं. ‘माकड’ ओठांवर चटकन कळतं. ही उठून शिवणाच्या मशीनपाशी गेली. बायकांचे झगे आल्टर करून देते, तोंडात टाचण्या धरून. टाचण्या काढल्या नाहीत, वर बघितलं नाही.

शेवटी आईनेच मार्ग काढला. फॉर्म हिच्यासमोर ठेवला आणि मला म्हणाली, "लिही पाटीवर. आईच लेकीच्या आड आली असं उद्या लोकांनी म्हणायचं का?" मी लिहिलं. हिने सही केली. सहीखाली टाचणी टोचल्याचं बारीक भोक पडलंय.

२१ फेब्रुवारी

ऑपरेशन पार पडलं. टिल्लीचं डोकं एका बाजूने भादरलंय, भलं मोठं बँडेज आहे. शुद्धीवर आली आणि बँडेज ओढायला लागली म्हणून नर्सने दोन्ही हात खाटेला बांधले. टिल्लीचा आवाज जात्याच मोठा. मजल्यावरच्या साऱ्या खोल्यांतून लोक डोकावले.

हिने बांधलेले हात बघितले आणि नर्सला ढकललं. सगळ्यांसमोर. मला मान खाली घालावी लागली. मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, हात बांधले म्हणजे तिचं तोंड बांधलं हो. पाणी हवंय की लघवीला जायचंय, सांगणार कशी?" मी म्हटलं, आता तोंड वेगळं मिळणार आहे तिला. मेव्हणीने हिच्या वतीने विचारलं, "दुखणार नाही असं का लिहिलंत?"

या बायकांना मोठं काही दिसतच नाही.

२० मार्च

आजचा दिवस! यंत्र चालू केलं!

खरं तर टिल्लीला दोन दिवस ताप होता आणि कानामागे थोडी सूज. हिने पाटीवर लिहिलं होतं, थांबा. पण साहेबांनी व्हिडिओवाले बोलावलेले, फुलं सांगितलेली. थांबा म्हणायला मला तोंड कुठलं? तापाचं औषध पाजून नेलं.

थेरपीच्या बाईंनी कॉम्प्युटरवर कळ दाबली आणि म्हणाल्या, "टिल्ली!" टिल्लीचे डोळे एवढाले झाले. तिने किंकाळी फोडली. ती स्वतःचीच किंकाळी ऐकून आणखी घाबरली आणि आणखी किंचाळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी ती खुर्चीवरून उडी मारून हिच्या झग्याच्या घेरात शिरली आणि बाहेरच येईना. बाई म्हणाल्या, "रडणं ही उत्तम खूण आहे बाबा. म्हणजे पोचतंय." थेरपीवाल्या बाई आम्हाला नावाने हाक मारत नाहीत, मला बाबा म्हणतात, हिला आई.

व्हिडिओत झग्यात शिरायच्या आधीपर्यंतचंच ठेवलंय. साहेबांनी सगळ्या शाखांना पाठवलाय. मीही शंभर वेळा बघितला असेल.

(नंतरची नोंद: सूज आठवडाभर राहिली, मग औषधाने गेली.)

४ एप्रिल

बाईंनी नियम सांगितले. घरात हातवारे बंद. "मुलं आळशी असतात बाबा. डोळ्यांनी काम भागलं की कान कशाला जागे होतील? टिल्लीने हाताने काही मागितलं की द्यायचं नाही. म्हणायचं, तोंडाने सांग. आणि आईंनी तर हात अगदीच आवरायचे."

मी पाटीवर सगळं लिहून दाखवलं. हिला आधी थट्टाच वाटली, हसली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हसू गेलं. तिने लिहिलं, मग मी तिच्याशी कशाने बोलू?

मी लिहिलं, प्रेमाने.

हे वाक्य बाईंनाही आवडलं. भिंतीवर लावण्यासाठी त्यांनी मागून घेतलं.

१७ एप्रिल

टिल्ली बोलली!

सकाळी तिने मूठ उघडझाप करून दूध मागितलं. गाईचं दूध काढल्यासारखी खूण आहे ती. आई म्हणाली, "तोंडाने सांग." टिल्लीने परत मूठ उघडझाप केली. आईने पेला वर फळीवर ठेवला. टिल्लीला वाटलं आजीला दिसलं नाही, म्हणून तिने मूठ आजीच्या डोळ्यांपुढे नेली. मग दोन्ही मुठी. मग पाय आपटले, जमिनीवर लोळली. दुपारपर्यंत पोटात काही नाही. ही मधे आली तर आईने तिला आतल्या खोलीत घालून कडी लावली. दार वाजवायची अक्कल हिला आहे, पण वाजवलं नाही. कुणी बोलत असेल की गप्प, हिला आतून कळणार कसं?

दुपारी टिल्ली फळीखाली बसून राहिली होती. आई म्हणाली, "दूध." टिल्ली म्हणाली, "दू."

मी ऑफिसात होतो. आईने फोनवर ऐकवलं. दू! मी शेजारच्या टेबलावरच्यांनाही ऐकवलं.

घरी येऊन कडी काढली आणि पाटीवर लिहिलं, बोलली. ही खूप रडली. हिला इतका आनंद झालेला मी लग्नातही बघितला नव्हता.

३० मे

हिने मला चांगलंच बनवलं. अंघोळीच्या वेळी यंत्र काढून ठेवावं लागतं, पाण्याने बिघडतं. अंघोळ हीच घालायची. मला वाटायचं, उन्हाळा आहे, पोर पाण्यात खेळते. अंघोळी लांबत चालल्या. आज दार नीट लागलं नव्हतं म्हणून डोकावलो तर पाणी थंड होऊन गेलेलं, नळ बंद, आणि दोघी समोरासमोर बसून बोलताहेत. साबणाचे हात, चारही. टिल्ली भरभर काहीतरी सांगत होती, हात कमी पडत होते तर भुवयांनी, गालांनी. ही मधेच तिचा हात धरून थांबवायची, काहीतरी विचारायची. मग दोघी खो खो हसायच्या. यंत्राशिवाय टिल्लीचं हसू घोगरं येतं.

दोन महिने! बाई म्हणायच्या, प्रगती मंद का? ही पाहा प्रगती मंद.

उद्यापासून अंघोळ आई घालेल.

९ ऑगस्ट

बाईंना आता तक्रारीला जागा नाही. टिल्ली दोन-दोन शब्द जोडते. "बाबा आले", "पंखा लाव", "आजी उठ". हात हलवायचं जवळपास विसरली. हलवलेच तर आई हळूच चापटी देते. हळूच, फार नाही.

हिच्याशीही टिल्ली तोंडानेच बोलते. पण लहान मुलाचे ओठ वाचायला कठीण, हिला कळत नाही. ही तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवते. टिल्लीला ते आवडत नाही, मान सोडवून पळते.

१४ नोव्हेंबर

घरात थोडं झालं. टिल्ली गोष्टीचं पुस्तक घेऊन हिच्याकडे गेली आणि म्हणाली, "हे काय?" हिने बघितलं, हात उचलले, मग आठवण होऊन खाली केले. टिल्लीने परत विचारलं. ही नुसती बघत राहिली. टिल्ली माझ्याकडे वळून म्हणाली, "आई येडी आहे."

हे शब्द माझ्या आईचेच. पोरं काय, पोपट. आईला हसू आवरेना. मलाही आलं, खोटं कशाला बोलू. एवढं स्वच्छ वाक्य! कर्ता, क्रियापद सगळं. मी अहवालात लिहायचंही ठरवलं, फक्त ‘आई’च्या जागी ‘मांजर’ घालून.

मागे बघतो तर ही माझे ओठ बघत नव्हती, टिल्लीचे बघत होती.

जेवणं झाल्यावर हिने पाटीवर लिहिलं, मी आईकडे जाते. टिल्लीला नेते. मी लिहिलं, टिल्लीची थेरपी आहे. तिथे सगळे हातवारे करतात, केलेलं सगळं पाण्यात जाईल. हिने पाटी खाली ठेवली. मला वाटलं भांडेल. नाही भांडली. मशीनला झाकण घातलं, टाचण्यांची डबी पिशवीत टाकली आणि एकटीच गेली.

आई म्हणते, राहील चार दिवस माहेरी, येईल भूक लागली की.

१२ जानेवारी

नवी डायरी. यंदाचं वाक्य, ‘जुनं विसरा, नवं ऐका.’ साहेबांना सुचलंय म्हणे.

ही आलेली नाही. मेव्हणीचा फोन आला होता, ताईला टिल्लीला भेटायचंय. बाई म्हणाल्या, सध्या नको, वाढीचा काळ आहे. मी तसं कळवलं. मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही माणसाच्या जातीत येता ना?" आणि फोन ठेवला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

२५ एप्रिल

कंपनीचा मोठा कार्यक्रम झाला. टिल्लीला स्टेजवर उभी केली. नवा गुलाबी झगा, केस वर बांधले, यंत्र दिसावं म्हणून. साहेबांनी माइक धरला. "तुझं नाव काय?" सांगितलं. "मोठेपणी कोण होणार?" "डॉक्टर." हे मीच घोकून घेतलं होतं. "घरी कोण कोण असतं?" "बाबा, आजी."

"आणि आई?"

हे घोकलं नव्हतं. टिल्लीने विचार केला. म्हणाली, "आई बंद आहे."

सभागृहात हशा पिकला. साहेब तर डोळे पुसत होते हसून. "यंत्राची भाषा बोलते बघा पोरगी! बंद, चालू!" टाळ्याच टाळ्या.

मला बढती. सहा दुकानं माझ्या हाताखाली. परत येताना टिल्ली गाडीत झोपली. झोपेत तिचे हात हलत होते. बोटं काहीतरी करत होती. मी यंत्र काढलं, चादर हातांवरून घेतली.

१८ जून

नवं मॉडेल आलं. लहान, हलकं, फोनला जोडता येतं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात तसं, सगळीकडे त्याचीच चर्चा. मीही खूश होतो. मग साहेब म्हणाले, जुन्याचे सुटे भाग आता येणार नाहीत, कारखाना बंद. जुन्या गिऱ्हाइकांना सांग, हळूहळू नव्याकडे या.

मी म्हटलं, "साहेब, नव्याचा बाहेरचा भाग जुन्याच्या आतल्या भागाला चालत नाही. त्यांना परत ऑपरेशन करावं लागेल."

"हो."

"टिल्लीचं जुनंच आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "तिचं बसवलं तेव्हाच ते बंद करायचं ठरलं होतं. म्हणून तर फुकट देता आलं. मी काय घरून आणलं होतं?" मग पाठीवर थाप मारली. "विज्ञान कुणासाठी थांबत नाही रे. तूच शिकवतोस ना सगळ्यांना? काळजी करू नकोस, टिल्लीला नवं देऊ. तिच्यावाचून आपलं कोण आहे?"

म्हणजे देतीलच. मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. धर्माच्या गाईचे दात मोजायला मी कशाला जाऊ?

१५ जुलै

टिल्लीच्या यंत्रात खरखर येते. मधूनच बंद पडतं, वायर हलवली की चालू होतं. वायर म्हणजे चुंबकापर्यंत जाणारी एवढीशी दोरी, तीच तुटत आलीय. गोदामात एकच शिल्लक होती. बेकरीवाल्याच्या मुलीसाठी बाजूला ठेवलेली. तिचंही यंत्र जुनंच, मीच विकलं होतं.

मी ती घेऊन आलो.

दुपारी बेकरीवाला दुकानात आला. हाताला पीठ तसंच. "वायर आली का हो? पोरगी तीन दिवस शाळेत गेली नाही." मी म्हटलं, मागवलीय, वाटेत आहे. तो थांबून राहिला, भिंतीवरचा टिल्लीचा गुलाबी झग्यातला फोटो बघत. म्हणाला, "तुमची मुलगी काय छान बोलते हो. तिच्याकडे बघूनच तर आम्ही घेतलं." गरम पावाची पिशवी टेबलावर ठेवून गेला.

पाव मी घरी नेला नाही. दुकानातल्या पोरांनी खाल्ला.

२२ ऑगस्ट

नवीन वायरही गेली. आता बिघाड बहुधा यंत्राच्या बाहेरच्या डब्यात आहे.

साहेब म्हणाले, नव्या मॉडेलचं प्रात्यक्षिक आहे, टिल्लीला आण. म्हटलं, तिला नीट ऐकू येत नाहीये. म्हणाले, "म्हणूनच आण."

स्टेजवर दोन खुर्च्या. एकीवर नवं बसवलेली मुलगी, दुसरीवर टिल्ली. साहेबांनी पाठीमागून हळू आवाजात सांगितलं, "हात वर करा." त्या मुलीने केला. टिल्ली पाय हलवत बसलेली. "टाळी वाजवा." त्या मुलीने वाजवली. टिल्लीने तिच्याकडे बघून, उशिरा, एक टाळी वाजवली. लोक हसले. मग टिल्लीने सगळ्यांकडे बघितलं, तिला वाटलं मागच्यासारखंच कौतुक चाललंय. उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "मी डॉक्टर होणार!" कुणी विचारलं नव्हतं. आणि आवाज यंत्राशिवाय होतो तसा, फाटका. एक बाई कानांवर हात ठेवून हसली.

साहेब म्हणाले, "बघितलंत? जुनं आणि नवं."

मी पहिल्या रांगेत होतो. टाळ्या वाजल्या तेव्हा माझेही हात वाजत होते. नोकरीच्या ठिकाणी सवय लागते. मुद्दा हा की साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, "या छोकरीला आम्ही नवं बसवणार."

११ सप्टेंबर

सर्जनने नाही म्हटलं.

डोक्याचे फोटो काढले, बराच वेळ बघितले. म्हणाले, आत जंतुसंसर्ग होऊन गेलाय, कानाच्या पोकळीत हाड भरून आलंय. आतल्या भागाची जुनी तार काढता येईल, नवी जाणार नाही. चेहऱ्याची नस शेजारीच आहे, तोंड वाकडं व्हायचं. "सुरुवातीला कधी ताप, सूज असं काही झालं होतं का?"

मी म्हटलं, आठवत नाही.

"दुसऱ्या कानाचं बघू का?" मी विचारलं. त्या कानाची नसच नाही म्हणाले. हे ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल.

साहेबांना कळवलं. म्हणाले, "अरेरे." मग म्हणाले, "भिंतीवरचा तिचा फोटो काढून घे. लोक उगाच विचारतात."

३ ऑक्टोबर

यंत्र पूर्ण बंद. टिल्लीला कळत नाही. रोज सकाळी स्वतः उचलून डोक्याला लावते आणि वाट बघते. मग काढते, हलवते, परत लावते. मला आणून देते. "बाबा, लाव." मी लावतो. "बाबा, लाव!" लावलेलंच आहे, हे सांगणार कसं? पाटी वाचायचं तिचं वय नाही.

तिचे शब्द झिजायला लागलेत. ‘दूध’चं परत ‘दू’ झालं. आई ओरडून ओरडून बोलते, घसा बसलाय. टिल्ली आईच्या तोंडाकडे टक लावून बघते आणि रडते. काल आईच्या हाताला चावली. आईने दिली एक ठेवून. मग आईच रडत बसली.

मी बसून आठवायचा प्रयत्न केला. ही ‘पाणी’ कसं म्हणायची? ‘झोप’? ‘ये’? इतकी वर्षं माझ्यासमोर चाललं होतं, मला एकही खूण आठवेना. शेवटी मी मूठ उघडझाप करून दाखवली, दूध. ती तेवढी ठाऊक होती. टिल्लीने माझ्या मुठीकडे बघितलं आणि स्वतःचे हात पाठीमागे नेले. चापटी बसेल असं वाटलं तिला.

२६ ऑक्टोबर

आई म्हणाली, "घेऊन जा तिला तिच्या आईकडे. माझ्याच्याने आता होत नाही." म्हटलं, तोंडाने सांग, असं तूच तर म्हणायचीस. "मी म्हातारी बाई, मला काय कळतं? शिकलेला तू."

बोलणी खायची तयारी ठेवून गेलो. दार हिनेच उघडलं. वाळलीय, केस कापलेत. मी पाटी नेली होती. रस्त्यात बरंच काही ठरवलं होतं, पण लिहिताना एवढंच लिहिलं गेलं, यंत्र बंद पडलं.

हिने वाचलं नाही. गुडघ्यावर बसली. टिल्ली माझ्या पायामागे. ही हात पुढे करेल, उचलून घेईल असं मला वाटलं. नाही. तिने फक्त हात वर आणले, टिल्लीला दिसतील असे, आणि अगदी सावकाश काहीतरी म्हणाली. टिल्लीने माझ्याकडे बघितलं, मग आत बघितलं, आजूबाजूला मारणारं कुणी आहे का ते. हिने परत तेच म्हटलं. परत. परत. मी उभा राहून कंटाळलो, तरी हिचं तेच.

मेव्हणी बाहेर आली. काहीतरी तिखट बोलेल असं वाटलं. पण माझ्या हातातली कपड्यांची बॅग घेऊन फक्त म्हणाली, "जा भाऊजी. वेळ लागेल."

मला दुपारी मीटिंग होतीच. निघालो. जिन्यातून वळून बघितलं तेव्हा टिल्ली अजून उंबऱ्यावरच होती आणि ही अजून गुडघ्यांवर.

८ नोव्हेंबर

धंदा जोरात. नव्याने जुन्याला विसरायला लावलं. बेकरीवाल्याने मात्र दुकानासमोर येऊन तमाशा केला. मी आतल्या खोलीत बसून राहिलो. पोरांनी त्याला समजावून घालवलं.

घर शांत आहे. आई टीव्ही मोठ्याने लावते.

२७ डिसेंबर

टिल्लीला भेटून आलो. कामं आटपून जाईन म्हणता म्हणता दोन महिने गेले.

त्यांच्या घराची बेल वाजत नाही. दाबली की सगळ्या खोल्यांतले दिवे उघडझाप करतात. खिडकीतून दिसलं. दिवे लुकलुकले आणि टिल्लीच धावत आली. अंगाने भरलीय. चुंबकाच्या जागी केस वाढलेत. मला बघून थबकली, मग आत गेली.

हिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाटी मी नेली नव्हती, त्यांच्याकडे नाही. मेव्हणी मधे बसली बोलायला. एरवी एवढी फटकळ, आज गोड बोलत होती. टिल्ली झोपून उठली होती नुकतीच, गालावर उशीच्या सुरकुत्या. आजी, आई, मावशी, सगळ्यांमधे बसून ती हातांनी एवढं बोलत होती की कुणी मधे शिरेना. म्हातारी सासू तर एकदा हसून हसून खोकायला लागली. कशावर ते मेव्हणीने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी खेळणं नेलं होतं, चांगलं महाग. तिने घेतलं, मान हलवली. मी म्हटलं, "टिल्ली, बाबा आले." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हटलं, "बाबा. म्हण, बाबा." ती बघत राहिली, दुकानात काचेआडून एखादा माणूस बोलताना बघतात तशी.

मग ती हिच्याकडे वळली. माझ्याकडे बोट केलं. दाराकडे बोट केलं. तळहात उलटा करून झटकला, दोनदा.

हिने टिल्लीचा हात धरून खाली केला. सासू कप उचलायला लागली.

मी मेव्हणीला विचारलं, "काय म्हणतेय?"

मेव्हणी म्हणाली, "काही नाही हो भाऊजी. झोप आलीय म्हणते."

"बरं," मी म्हटलं. "मग निजवा तिला." आणि चपला शोधायला लागलो.